जेवण गोड लागणा नाय

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीनंतर मालवणकडचे एक काका माझ्या दवाखान्यात आले. साठीचे, जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलेला, तळव्यांना दोरखंडाचे घट्टे. म्हणाले, "डॉक्टर, माका जेवण गोड लागणा नाय." पोट तपासलं, रक्त तपासलं, कशात काही नाही. निघता निघता काकू हळूच बोलल्या, "रापण भरान इली तरी ह्यांच्या तोंडार हसू नाय." हे नैराश्य असावं असं वाटून मी काकांना पुन्हा खुर्चीवर बसवलं.

रापण ओढताना तुम्ही पाहिलीच असेल. दोन्ही दोरांवर माणसं, पाय वाळूत रुतलेले, वर पक्षी घिरट्या घालायला लागले की न सांगता सगळ्यांचा जोर वाढतो. मासा अजून दिसलेलाही नसतो! मग हा जोर येतो कुठून? १९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींच्या हालचालींची नोंद घेतली. फळांचा रस अचानक मिळाला की त्या पेशी जोरात कामाला लागत. रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवली, तेव्हा काही दिवसांनी पेशी त्या खुणेलाच उसळू लागल्या, रस आला तरी गप्प. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्याच क्षणी त्या मंदावल्या. म्हणजे डोपामिन अपेक्षा आणि हाती आलेलं यातला फरक मोजतं, आणि माणसाला उठून दोर धरायला लावतं. रापणीवरची ती खूण म्हणजे पक्षी. काकांना पक्षी दिसत होते, पण आतून काहीच हलत नव्हतं.

असं का होतं? त्यांच्या डोक्यावर कर्ज होतं, वादळात होडी फुटली होती, आणि रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. संकट आलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी या ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरतं. साखर वाढते, अंगात बळ येतं. काम झालं की हेच कॉर्टिसॉल मेंदूला सांगतं, पुरे आता. वादळ दोन दिवसांत सरतं, त्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. कर्ज मात्र रोज उशाशी असतं. महिनोन्महिने ताण राहिला की काही जणांत हा ब्रेक ढिला पडतो, झोप मोडते आणि डोपामिनची वाटही मंदावते. आंबा बागायतदारांनाही मी हेच सांगतो. मोहर आलेला असताना मध्यरात्री पत्र्यावर अवकाळी पावसाचे थेंब वाजले की छातीत जे धस्स होतं, ते शरीराचंच काम आहे. त्यात मन कच्चं असण्याचा काही संबंध नाही.

पुष्कळ जण इथे बाटलीकडे वळतात. दारू तासभर डोपामिन वाढवते हे खरं. पण रोज घेणाऱ्याची ती उतरायला लागली की ताणाची यंत्रणा आणखी भडकते, म्हणून पहाटेची घालमेल वाढते आणि संध्याकाळी पुन्हा तीच बाटली लागते. माझ्या डोळ्यांदेखत घरं बसली आहेत यात.

घरची मंडळी म्हणतात, बाहेरचं काहीतरी असेल, कौल लावून बघू. जरूर लावा, देवाला गाऱ्हाणं घाला. फक्त त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही या. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आठवड्याचीसुद्धा वाट पाहू नका. आत्ता घरातल्या कुणालातरी सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि नैराश्यावरचं औषध सुरू झालं तर दोन-चार दिवसांत "काय फरक नाय" म्हणून टाकून देऊ नका. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बंद करायच्या त्याही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

काकांनी गोळ्या घेतल्या. कर्जाचे हप्ते थोरल्या मुलाने बँकेत बसून लांबवून घेतले, त्याचाही मोठा हातभार लागला. दोन महिन्यांनी दोघं आली. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, मी घाबरलो. त्या म्हणाल्या, "काल बांगड्याचा तिकला केलंय, तर म्हणतत कसे, तिरफळां कमी पडली!"