पेढ्यांच्या डब्यातली इंजेक्शनं

[फ्रिजचं दार उघडतं]

तासगाव तालुक्यातलं एक गाव. नोव्हेंबर महिना. या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात पेढ्यांचा डबा आहे, पण आत पेढे नाहीत. अंडाशयात अंडी वाढवणाऱ्या हार्मोन्सची इंजेक्शनं आहेत: एफएसएचचं पेन, एचएमजीच्या कुप्या, आणि एखाद्या पाहुण्याने सहज उघडू नये म्हणून वरून रबर लावलंय. कप्पाही विचार करून निवडलाय. या औषधांना २ ते ८ अंश तापमान लागतं. दारातल्या कप्प्यात ते टिकत नाही, आणि बर्फाला चिकटलं तर औषध गोठून वाया जातं.

चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, या बोलीवर ताईंनी आम्हाला घरात घेतलं. मूल व्हावं म्हणून त्यांचे आयव्हीएफचे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे, उपचार चालू आहेत. त्यामुळे तुम्हाला बहुतेक वेळ हातच दिसतील.

[गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या]

आधीचं वर्ष गोळ्यांचं. पहिली क्लोमिफिन. अमेरिकेत १९६७ साली मान्यता मिळालेलं जुनं, स्वस्त औषध. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायचं. या गोळीमुळे मेंदूला वाटतं शरीरातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलंय, आणि तो अंडाशयाला कामाला जुंपतो. काहीजणींच्या अंगातून वाफा निघतात त्याही याचमुळे. ताई ऐन थंडीत पंखा लावून झोपायच्या. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता झालीया, सब्जा घे." सब्ज्याने काही बिघडत नाही. पण डोळ्यांपुढे चमकायला लागलं, धूसर दिसलं, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं असतं. हे ताईंना गोळ्या संपल्यावर कळलं.

मग लेट्रोझोल. मूळ औषध स्तनांच्या कर्करोगाचं. मोबाइलवर ते वाचून यजमान घाबरले, आणि त्यांचं चुकलंही नाही. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी आली होती. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पीसीओएस (अंडी वेळेवर न सुटण्याचा हार्मोन्सचा बिघाड) असलेल्या ७५० स्त्रियांच्या अभ्यासात क्लोमिफिनपेक्षा हिच्याने जास्त बाळं जन्मली. २०१७ मध्ये आपली बंदी उठली. थकवा, डोकेदुखी, थोडी चक्कर. एवढं दोन वाक्यांत सांगितलं असतं तर त्या माणसाची एक रात्र वाचली असती.

[हात, कापूस, सुई]

आता पोटावरचं इंजेक्शन. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, साधारण दहा-बारा दिवस, रोज एकाच वेळेला. ताईंची वेळ रात्री आठची, कारण तेव्हा घरातले सगळे टीव्हीपुढे असतात. पेन थोडं आधी बाहेर काढायचं; थंडगार औषध जास्त झोंबतं. बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, औषध सावकाश सोडायचं, दहा आकडे मोजून मगच बाहेर. चोळायचं नाही. आज डावी बाजू, उद्या उजवी. एचएमजीची पूड पाण्यात विरघळवताना कुपी हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची. हा निळा डाग दिसतोय ना, तो सुईचाच. आठवड्यात जातो.

डाग कॅमेऱ्याला दिसतो, चिडचिड दिसत नाही. हार्मोन्स वाढतात, झोप मोडते, रडू येतं. घरात कुणाला माहीत नसल्यामुळे त्याचा अर्थ 'सून हल्ली उलटं बोलते' असा लागतो. यजमानांना मात्र माहीत आहे. पाचव्या दिवसापासून सुई तेच टोचू लागले, ते या दृश्यात आहे.

[मिरज. सोनोग्राफीचा पडदा]

मिरजेच्या दवाखान्यात पडद्यावर काळे गोल दिसतात, ती फॉलिकल. अंडी वाढतात त्या पाणी भरलेल्या पिशव्या, सतरा-अठरा मिलिमीटरच्या झाल्या की काम झालं. यजमान द्राक्षबागायतदार. पडद्याकडे बघून म्हणाले, "ह्यो तर घडच की! सिस्टर, विरळणी करनार का न्हाई?" सिस्टर हसल्या. पण प्रश्न रास्त होता. घड फार भरला की जपावं लागतं. अंडाशय एरवीपेक्षा कितीतरी मोठं झालेलं असतं, म्हणून पोट फुगतं, कपड्याची नाडी घट्ट होते. वजन उचलायचं नाही, उड्या-धावपळ नाही. जड झालेलं अंडाशय पीळ खाऊ शकतं. दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन मनाने घ्यायचं नाही.

ताईंची फॉलिकल जास्त, म्हणून डॉक्टरांनी ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं, इंजेक्शन बदललं. नेहमीचं एचसीजी टाळलं, दुसऱ्या जातीचं दिलं, आणि सगळे भ्रूण गोठवायचं ठरवलं. एचसीजीनंतर काहीजणींच्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पाणी पोटात साचतं, रक्त दाट होतं. याला ओएचएसएस म्हणतात. सौम्य प्रकार नेहमीचा; गंभीर झाला तर भरती व्हावं लागतं, गुठळ्या होतात, क्वचित जिवावर बेततं.

[फाइल]

ही संमतीपत्राची पानं. मजकूर इंग्रजी, खाली सही मराठी. २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या) कायद्यानुसार उपचारांचे दुष्परिणाम सांगणं दवाखान्याला बंधनकारक आहे, आणि ते या पानांवर आहेतही. ताईंना उपयोग झाला तो मागच्या पुठ्ठ्याचा. तिथे सिस्टरांनी बॉलपेनने लिहिलंय: एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, पोटरी सुजून दुखली, तर रात्र असली तरी फोन. शेजारी नंबर, तो आम्ही पुसट केलाय.

[पिकअपच्या दिवशीची सकाळ]

ट्रिगर रात्री साडेदहाला, पिकअप, म्हणजे अंडी बाहेर काढणं, साधारण पस्तीस तासांनी, परवा सकाळी. तीन दिवस पोट जड राहिलं, मग उतरलं.

ट्रान्सफर, म्हणजे गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडणं, जानेवारीत. त्याआधी गर्भाशयाचं अस्तर तयार करणारं प्रोजेस्टेरॉन सुरू होतं, तेलातलं, कमरेखाली. तेल दाट, सुई जाड, जागोजाग गाठी होतात. बाजू बदलत राहायचं, नंतर कोमट शेक घ्यायचा. तेलाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगायचं, योनीमार्गे घ्यायच्या गोळ्या किंवा जेल मिळतं. झोप येते, स्तन दुखतात, पोट साफ होत नाही. नेमकी हीच लक्षणं दिवस गेल्यावरही असतात. म्हणून सिस्टर बजावतात, स्तन दुखले म्हणजे राहिलं आणि दुखायचे थांबले म्हणजे गेलं, हा हिशेब घरी मांडायचा नाही. थोडं लाल दिसलं तरी बीटाचा, म्हणजे दिवस गेलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही.