नवी सिस्टीम आणि वहिनींचं इतिवृत्त

नमस्कार श्रोतेहो. कापूस वेचणीचे दिवस आहेत, हात गुंतलेले असतील, कान तेवढे इकडे द्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या दारव्ह्याकडच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला विंडोज ११ चालेना, म्हणून मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची दुसरी सिस्टीम टाकली. फुकट मिळते, खालच्या डाव्या कोपऱ्यात मेनू, रूप ओळखीचं. वहिनी दोन दिवसांत रुळल्या.

तिसऱ्या दिवशी हाक आली, "भाऊजी, काऊन हो, सारं इंग्रजीच दिसून राह्यलं!"

वहिनी बचत गटाच्या सचिव. पाच वर्षांची इतिवृत्तं कॉम्प्युटरवर, आणि सोमवारी सभा. फाईल उघडली तर 'बचत'च्या जागी सी, पी, आर. 'गट'च्या जागी एक्स आणि मोठा व्ही. "हा कोणता सीपीआर हो?" म्हणाल्या, अन् डोळ्यांत पाणी.

फाईल शाबूत होती. ती टाईप केलेली कृतिदेव नावाच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. त्यात कॉम्प्युटर साठवतो इंग्रजी अक्षरंच, मराठी रूप चढवतो तो फॉन्ट. अन् फॉन्ट मी आणलाच नव्हता. जुन्या बॅकअपच्या पेनड्राइव्हमध्ये तो सापडला. डबल क्लिक, इन्स्टॉल, फाईल उघडायचं लिब्रे ऑफिस बंद करून परत उघडलं. सी-पी-आरचं 'बचत' झालं. वहिनींनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेका सभासदाचं नाव मोठ्यानं वाचलं.

टायपिंग क्लासवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पोरींना युनिकोड आणि इनस्क्रिप्ट शिकवा. युनिकोडमध्ये कॉम्प्युटर मराठी अक्षरंच साठवतो, अन् इनस्क्रिप्ट म्हणजे ती टाईप करायची कीबोर्डची मांडणी. अशी फाईल मोबाईलवरही मराठीतच दिसते. अन् घरातला कॉम्प्युटर पोराच्या खोलीत कोंडू नका, ओसरीवर ठेवा, बायकांचा हात लागू द्या.

तर तुम्हालाही सिस्टीम बदलायची असेल, तर आधी बॅकअप. फोटो, फाईली आणि फॉन्टसुद्धा. मग नवी सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच सुरू करून पाहा. इन्स्टॉल केल्याशिवाय हार्डडिस्कवरचं काही पुसत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, तेवढं बघा. विंडोजसारखा सी ड्राइव्ह शोधत बसू नका, तुमचं सामान होम फोल्डरमध्ये असतं. पण आधी, परत सांगतो, बॅकअप.

सोमवारच्या सभेचं इतिवृत्त वहिनींनी युनिकोडमध्ये टाईप केलं. चार ओळींना पाऊण तास लागला. परवा अख्खं पान त्यांनी वीस मिनिटांत उतरवलं.