अडीच मिलिव्होल्टचं काय करायचं?

(छत्रपती संभाजीनगर इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

लातूरच्या डाळ मिलमध्ये सॉर्टेक्सच्या, म्हणजे रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्राच्या, उतरणीवरून तूरडाळ घसरते. समजा, चांगल्या दाण्यात आणि किंचित डागी दाण्यात उजेडाचा फरक आहे दहा टक्के. असा डागी दाणा इव्हेंट कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलसमोरून गेला तर पिक्सेलच्या पोटात काय घडतं, तिथून सुरुवात करू.

साधा कॅमेरा ठरावीक वेळाने अख्खी फ्रेम काढतो. इव्हेंट कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल आपापला मुखत्यार असतो. उजेड ठरावीक प्रमाणात वाढला की ‘ऑन’, घटला की ‘ऑफ’ एवढंच कळवतो, एरवी गप्प. मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी कॅलटेकमध्ये घडवलेल्या सिलिकॉन रेटिनापासून ही वाट निघाली. आज आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो पिक्सेल लिख्टश्टायनर, पॉश आणि डेलब्रुक यांनी २००८ साली मांडला.

फोटोडायोड उजेडाचा करंट करतो. हा करंट सबथ्रेशोल्डमध्ये, म्हणजे पुरता चालू न होता, अगदी कमी करंटवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून जातो, म्हणून व्होल्टेज उजेडाच्या लॉगरिदमप्रमाणे हलतं. उजेड २.७ पट झाला तर साधारण २६ मिलिव्होल्ट. आपला दाणा दहा टक्क्यांचा, म्हणजे हाती आले अडीच मिलिव्होल्ट. ऊन असो की संध्याकाळ, दहा टक्क्यांना अडीचच. लॉगरिदमचा हाच मोठा गुण.

अडीच मिलिव्होल्ट सरळ वीस पट का करू नयेत? कारण अशा पिक्सेलला अंधारापासून लख्ख उजेडापर्यंत १२० डेसिबलचा पल्ला सांभाळायचा असतो, म्हणजे उजेडात दहा लाख पटींचा फरक. दर दहापटीला ६० मिलिव्होल्ट धरले तरी एकूण ३६० होतात. त्यांना वीसने गुणलं की ७.२ व्होल्ट, आणि चिपला पुरवठा ३.३ व्होल्टचा. अ‍ॅम्प्लिफायर भिंतीला टेकणार. म्हणून मधे कपॅसिटर घालून स्थिर भाग अडवतात आणि फक्त बदल पुढे सोडतात. इनपुटचा कपॅसिटर सी-१, फीडबॅकचा सी-२. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, या दोघांचं गुणोत्तर (सी-१ भागिले सी-२). इव्हेंट गेला की रीसेट स्विच क्षणभर जुळतो आणि पिक्सेल तिथून पुन्हा मोजायला लागतो.

या गेनचं खरं काम पुढच्या कंपॅरेटरसाठी आहे, हे नीट लक्षात घ्या. व्होल्टेजने ठरलेली रेघ, म्हणजे थ्रेशोल्ड, ओलांडली की ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ म्हणणारा तो हा कंपॅरेटर. एकाच चिपवरचे दोन कंपॅरेटर कधीच सारखे नसतात. समजा, त्यांच्या थ्रेशोल्डमध्ये १० मिलिव्होल्टची तफावत आहे. आधी गेन नसेल तर ही तफावत उजेडाच्या भाषेत जवळजवळ ४७ टक्के होते, दाणा तिच्यात बुडतो. आधी वीस पट वाढवलं तर तीच तफावत इनपुटवर अर्धा मिलिव्होल्ट, म्हणजे दोन टक्के उरते. कंपॅरेटरनंतर कितीही हुशारी केली तरी हे साधत नाही. खडे मिसळण्याआधी धान्य झाकावं लागतं, तसं.

आता घोळ कुठे होतो ते पाहू. पहिला रीसेट स्विचमध्ये. जुळलेला स्विच पुन्हा तुटताना थोडा चार्ज सांडतो. सी-२ पाच फेम्टोफॅरडचा असेल आणि ०.१ फेम्टोकुलंब सांडला, म्हणजे जेमतेम सव्वासहाशे इलेक्ट्रॉन, तर आउटपुट २० मिलिव्होल्टने सरकतं. दाण्याचा वाढवलेला सिग्नलच ५० आहे! स्विच सर्वांत लहान आकाराचा ठेवा. सी-२ मोठा केला तर सांडण्याचा परिणाम कमी होतो, पण गेन टिकवायला सी-१ सुद्धा त्याच प्रमाणात मोठा हवा, आणि जागा तिथेच संपते. शंभर फेम्टोफॅरडच्या सी-१ला, चौरस मायक्रॉनला एक फेम्टोफॅरड धरला तर, शंभर चौरस मायक्रॉन लागतात. २०२० साली आलेल्या सोनी-प्रोफेसीच्या सेन्सरचा अख्खा पिक्सेलच ४.८६ मायक्रॉनचा, म्हणजे चोवीस चौरस मायक्रॉनसुद्धा नाही.

म्हणून काही मंडळी गेन आणखी अलीकडे नेतात, कपॅसिटरच्याही आधी. सेव्हिलच्या सेर्रानो-गोतारेदोना आणि लिनारेस-बर्रांको यांनी २०१३ साली असा प्रीअ‍ॅम्प्लिफायर घालून दीड टक्क्याची संवेदनशीलता मिळवली. मला हीच दिशा योग्य वाटते, पण मघाचं व्होल्टेजचं गणित प्रत्येक पायरीवर पुन्हा मांडावं लागतं.

दुसरा घोळ गळतीचा, आणि मराठवाड्यात तो विसरून चालणार नाही. रीसेट स्विचच्या जंक्शनमधून तरंगत्या नोडचा, म्हणजे स्विच तुटल्यावर कशालाच न जोडलेल्या बिंदूचा, चार्ज हळूहळू गळतो आणि समोर काहीही न हलता पिक्सेल ‘ऑन’ म्हणतो. थ्रेशोल्ड दाण्याच्या सिग्नलइतकाच, ५० मिलिव्होल्टचा धरू. पाच फेम्टोफॅरडवर ५० मिलिव्होल्ट म्हणजे पाव फेम्टोकुलंब. गळती ०.०२५ फेम्टोअँपिअर असेल तर दर दहा सेकंदांना एक खोटा इव्हेंट. जंक्शनची गळती साधारण दर आठ-दहा अंशांना दुप्पट होते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बंद डब्यातला कॅमेरा ५५ अंशांवर गेला, तर २५ अंशांच्या मानाने हे प्रमाण किमान आठपट. लख्ख उजेडही त्या जंक्शनवर पोचला तर गळती वाढवतो, म्हणून स्विचवर मेटलचं आच्छादन हवंच.

तिसऱ्या अडचणीला सर्किटकडे उत्तर नाही. मंद उजेडात फोटोकरंट १० फेम्टोअँपिअर असेल तर एका मिलिसेकंदात सुमारे ६२ इलेक्ट्रॉन येतात. त्याचं वर्गमूळ आठ, म्हणजे चढउतारच १३ टक्के. दहा टक्क्यांचा दाणा यात दिसणार कसा? गेन वाढवला तर गोंगाटही तितकाच वाढतो. बायस, म्हणजे सर्किटला चालवणारा करंट, कमी करून बँडविड्थ आवळली (पिक्सेलला मंद केलं) आणि दहा मिलिसेकंदांची सरासरी घेतली, तर चढउतार चार टक्क्यांवर येतो. पण घसरणारा दाणा तोवर पुढे निघून गेलेला असतो. अशा वेळी दिवा वाढवा.

बाकावर हे तपासायला कोरा पांढरा कागद लावा, बॅटरीवरचा न लुकलुकणारा दिवा ठेवा. मेन्सवरचा साधा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, त्याचेच इव्हेंट येतील. लख्ख उजेडात एकटे ‘ऑन’ संथपणे, जवळपास नेमाने येत असतील तर ती गळती. दिवा मंद करत जाताना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ दोन्ही वाढले तर तो फोटॉनचा, म्हणजे मोजक्या इलेक्ट्रॉनांच्या चढउताराचा, गोंगाट. तेच ते मोजके पिक्सेल सतत बडबडत असतील तर ती कंपॅरेटरमधली तफावत. त्यांची यादी करून त्यांना गप्प करा. कंपॅरेटरच्या थ्रेशोल्डला हात लावायचा तो या तिन्हींचे आकडे वहीत उतरल्यावर.