नवं साल, जरा दमानं
(नव्या वर्षात मनाला जपण्याविषयीचा लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : पहाट. रावेर तालुका. केळीच्या बागा, बांधाबांधावर धूर.]

जानेवारीचा पहिला आठवडा. मागं सातपुड्याची रांग, पुढं थेट तापीपर्यंत केळीच केळी. उन्हाळ्यात ४५ अंशांचं ऊन सोसणारा हा पट्टा. हिवाळ्यात मात्र काही रात्री पारा १० च्या खाली उतरतो आणि ते केळीला मानवत नाही. नवं पान सुटायला उशीर होतो, सुटलेलं पिवळं पडतं, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं लांबतं. काही झाडांचा घड तर पोग्यातच, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच, अडकून बसतो. बागेला चरका बसला, असं इथं म्हणतात.

हा धूर त्यासाठीच आहे. वाऱ्याची दिशा बघून बांधावर ओला-सुका पालापाचोळा रचायचा आणि दिवस उगवायच्या आधी पेटवायचा. जाळ होऊ द्यायचा नाही. जाळ झाला की ऊब वर निघून जाते. धूर धरला की तो बागेवर पांघरुणासारखा पसरून राहतो. बघा, हे काका काठीनं ढीग सारखा करताहेत, मधूनच मूठभर ओला पाला टाकताहेत. तासभर त्यांचं हेच चाललं होतं.

[दृश्य : बॅटरीच्या उजेडात नळीतून पडणारं पाणी. मग घडांवर चढवलेल्या पिशव्या.]

रात्रीचं पाणीही त्यासाठीच. विहिरीचं पाणी या दिवसांत हवेपेक्षा कोमट असतं. ते दिलं की मुळांपाशी ऊब टिकते. घडांना सच्छिद्र पिशव्या घालायच्या. थंड वारा अडावा म्हणून बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत आधीच लावलेलं असतं. बुडाशी निंबोळी पेंड, थोडं पोटॅश. आणि मग थांबायचं. संक्रांत उलटली, ऊन चढायला लागलं की बाग आपली आपण हलते.

या महिन्यात बाग वाढत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पान सुटलं नाही म्हणून बागेवर कोणी चिडत नाही. शेजारच्या बागेत दोन पानं जास्त आहेत, तुलाच काय झालं, असं झाडाला कोणी विचारत नाही. जानेवारीत बाग फक्त जपायची असते.

[दृश्य : बागेचे मालक. बांधावर उकिडवे बसलेले, हातात चहाचा पेला.]

हे या बागेचे मालक. वय पन्नाशीच्या आसपास. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. रात्री दोनदा उठून मोटर बघून आले होते. आम्ही विचारलं, "आप्पा, झोप नीट लागते का?"

"बागेचं विचारा, भाऊ. माझं काय विचारता?"

बाकीची मुलाखत चांगली पाऊण तास चालली. करपा रोग, भाव, व्यापारी, मजुरी, सगळ्यावर ते भरभरून बोलले. झोपेचा प्रश्न आम्ही पुन्हा विचारला, तेव्हा ते उठून पाणी बघायला गेले. कॅमेरा चालूच होता.

आप्पांच्या बागेत आम्ही पुन्हा पुन्हा गेलो ते यासाठी. थंडीत पिकाला कसं सांभाळावं हे या माणसांना उत्तम कळतं. त्यातलं निम्मं जरी त्यांनी स्वतःसाठी केलं तरी पुरे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य : धुळे शहराबाहेरचा रस्ता. धुक्यात धावणारी मुलं-मुली.]

हे धुळं. पोलीस भरतीची तयारी करणारी ही पोरं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पुढं १०० मीटर, गोळाफेक, मग लेखी. एक जानेवारीला या रस्त्यावर एरवीपेक्षा जास्त गर्दी असते. काल रात्री बाराला संकल्प झालेला असतो.

[दृश्य : अभ्यासिका. भिंतीवरचा कागद, अगदी जवळून.]

हा कागद नीट वाचा. पांढरं कार्डशीट, वर लाल स्केचपेननं मथळा : "१ जानेवारीपासून". खाली पहाटे ४ – उठणे. ४.१५ – ग्राउंड. ७ – गणित. चहा ५ मिनिटं. जेवण १५ मिनिटं. "मोबाईल बंद" याच्याखाली दोन रेघा. रात्री ११.३० – झोप. रविवारच्या रकान्यातही हेच. सेलोटेपचा एक कोपरा आताच सुटलाय.

कागद लावणारा मुलगा शिंदखेडा तालुक्यातला, चोविसाव्या वर्षातला. तो म्हणाला, "मागच्या सालीही असाच लावला होता. जानेवारीतच ताप आला, दोन दिवस पडून होतो. मग सगळंच सुटलं. सालभर माझाच मला राग येत होता."

दोष त्या कागदाचा आहे. आजारी पडायला, थकायला, घरी आईला फोन करायला त्यात जागाच ठेवलेली नाही. २०१० साली छापून आलेलं एक संशोधन या मुलाला आम्ही तिथंच सांगितलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक साधी सवय लावून घ्यायला सांगितली. दुपारच्या जेवणाबरोबर एखादं फळ खाणं, असलं काहीतरी. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवसांत जमलं, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्यानं काही बिघडलं नाही.

मुलानं विचारलं, "दिवस चुकला तरी चालतं?"

चालतं. पुढच्या दिवशी परत मैदानावर यायचं, एवढंच. ४ ची वेळ ५ वर आणली, रविवारची दुपार मोकळी सोडली, तर आळशी म्हणून कोणी नाव ठेवणार नाही. अपुऱ्या झोपेवर केलेलं पाठांतर टिकत नाही. सलग झोप मोडली की चिडचिड वाढते, मन खचायला लागतं. संकल्प करायचाच असेल तर आधी झोपेचा करावा.

[दृश्य : ३१ डिसेंबरची संध्याकाळ. जळगावजवळ शेतात काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी वांगी.]

खान्देशात थर्टी फर्स्ट म्हटलं की भरीत. ही वांगी बघा : पोपटी-पांढरट रंगाची, हाताच्या पंजाहून मोठी. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आसोदा, भादली, बामणोद ही गावं त्यासाठी आजही नावाजलेली. गॅसवर भाजलेलं भरीत इथं कोणी धरत नाही. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ हवा. साल काळी ठिक्कर पडेपर्यंत वांगं फिरवायचं, देठाला धरून साल सोलायची आणि गर लाकडी बडजीत घालून मुसळीनं ठेचायचा. बडजी दणदण वाजते. दुसरीकडं तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे. वरून कांद्याची पात, कोथिंबीर. केळीच्या पानावर भरीत, सोबत कळण्याची भाकरी.

या पंगतीत जुने वर्गमित्र आहेत. पुण्याहून आलेले, सुरतेहून आलेले, गावातच राहिलेले. बोलणं कशावर चाललंय ते ऐका. कोणी फ्लॅट घेतला, कोणाचं पोरगं कुठं लागलं, कोणी गाडी बदलली. थर्टी फर्स्टला हा हिशेब आपोआप मांडला जातो. ज्याच्या वर्षात सांगण्यासारखं काही घडलं नाही, तो मग जाळाकडं सरकतो, काड्या सारत बसतो.

[दृश्य : जाळाजवळ एकटा बसलेला तरुण. दुसरा पान हातात घेऊन त्याच्याकडं येतो.]

अमळनेरकडचा त्याचा मित्र त्याच्या शेजारी येऊन बसला. "काय जिभाऊ, बठ्ठं बरं शे ना?" म्हणजे सगळं बरं आहे ना? "हां, बरं शे." एवढ्यावर बहुतेक लोक उठून जातात. हा उठला नाही. अर्धी भाकरी मोडून त्याच्या पानात ठेवली आणि तिथंच जेवायला बसला. पुढचं बोलणं आम्ही मुद्दाम ध्वनिमुद्रित केलं नाही.

[दृश्य : शिरपूरकडचं कपाशीचं शेत. वेचणी करणाऱ्या बाया.]

एक तारखेला सकाळी या बाया रोजच्यासारख्या वेचणीला आल्या. नव्या वर्षाचा संकल्प विचारला तर एकमेकींकडं बघून हसल्या. पण तब्येतीचं विचारल्यावर ओळीनं सांगायला लागल्या : डोकं जड राहतं, जीव घाबरा होतो, झोप लागत नाही, कशात मन लागत नाही. एकीनं डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी कमरेच्या पिशवीतून काढून दाखवली. डोकेदुखीला कारणं पुष्कळ असतात. पण उदासी, झोप-भूक बिघडणं, आवडत्या कामातही रस न उरणं, हे दोन आठवड्यांहून जास्त रोज चालू असेल, तर डॉक्टरांना ते सगळं सांगायला हवं. नुसती डोकेदुखी सांगून परतायचं नाही.

[दृश्य : मागच्या उन्हाळ्यातलं चित्रीकरण. आखाजी. निंबाच्या फांदीला बांधलेला झोका, माहेरवाशिणी.]

हे दृश्य जानेवारीतलं नाही, आखाजीचं आहे. तरीही ते इथं हवं होतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशातला मोठा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाझाडाला झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं घागर भरली जाते. सासरचं काय खुपतं, कोण कसं वागतं, ते झोक्यावरच्या गाण्यांतून बाया मोकळेपणानं गातात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, सालही इथं आखाजी ते आखाजी असंच धरत आलेत. जुनं साल या दिवशी फिटतं, नवं इथूनच लागतं. त्याआधी पाडव्याला गुढी उभारून झालेली असते. व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीला पूजली जाते.

एक जानेवारीला जमलं नाही तर पाडवा आहे. पाडव्याला नाही जमलं तर आखाजी आहे. आपल्याकडं वर्ष इतक्यांदा नव्यानं सुरू होतं, की कॅलेंडरच्या एका पानापायी स्वतःला छळायची गरजच नाही. बारा महिन्यांत काय जमलं नाही याची यादी ३१ डिसेंबरला काढण्यापेक्षा, कशातून निभावून आलो ते एकदा मोजावं. अतिवृष्टीत कापूस गेला आणि तरीही पोरीची फी भरली, हे त्या वहीत लिहिण्यासारखंच आहे.

[दृश्य : रुग्णालयाची पडवी. बाकावर बसलेली माणसं, पाठमोरी. एक बंद दार.]

या दारापलीकडं मानसोपचाराची ओपीडी आहे. आत कॅमेरा नेला नाही. बाकावरच्यांचे चेहरेही दाखवलेले नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे असं नव्हतं.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. खान्देशातून शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या दर वर्षी येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी खर्चातून चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे.

बाकावरच्या एका आजींना विचारलं, कोणाला घेऊन आलात? "नातवाला. गावात सांगितलं, दात दाखवायला नेते." आजी, तुम्ही त्याला घेऊन आलात हे फार मोठं काम केलंत.

[दृश्य : मोबाईलचा पडदा. त्यावर आकडे दाबणारा अंगठा.]

ज्यांना एवढ्या लांब येणं जमत नाही, नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरातून किंवा मुक्ताईनगरच्या टोकाच्या गावातून, त्यांच्यासाठी फोन आहे. १४४१६. टेली-मानस. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा चोवीस तास, फुकट चालते. फोन लागल्यावर भाषा निवडायची, त्यात मराठी आहे. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि गरज असेल तर पुढं मानसोपचारतज्ज्ञांकडं जोडून देतात. झोप लागत नाही, परीक्षेचं दडपण आलंय, कर्जानं डोकं बधिर झालंय, एवढ्यावरही फोन करता येतो.

जीव नकोसा झालाय असं घरात कोणी बोललं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलुपात ठेवा. त्याच्या शेजारी बसून हाच नंबर तुम्ही लावा. दुसऱ्यासाठी केलेला फोनही तिथं घेतात.

[दृश्य : पडद्यावर क्रमांक. टेली-मानस १४४१६.]