चाकाची टोपी

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात माझा आयटीआयचा एक जुना विद्यार्थी गाडी घेऊन दारात उभा राहिला. "सर, ऐंशीच्या पुढं गेलं की स्टेअरिंग हलायलंय. अलाइनमेंट करून झालं, आता शॉकअप बदला म्हणायलेत." मी विचारलं, "शेतात कधी गेला होतास?" म्हणाला, "परवाच की, बांधापर्यंत नेली होती." पुढच्या चाकावरची प्लास्टिकची टोपी पेचकसानं उचकटली. आत काळी माती वाळून विटेसारखी बसलेली. एका बाजूला ढेकूळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. असं चाक वेगात फिरलं की थरथरणारच. काडीनं माती टोकरली, पाईपनं चाक धुतलं, शॉकअपचे पैसे वाचले. आपल्या परभणी-जालन्याच्या काळ्या मातीचा गुण तुम्हाला मी सांगायला नको. ती चपलेला सोडत नाही, तर चाकाला काय सोडणार?

आज या टोपीबद्दलच बोलू. दुकानात कुणी हबकॅप म्हणतं, कुणी व्हील कव्हर. खरं तर या दोन वेगळ्या वस्तू. ज्यांनी बैलगाडी हाकली त्यांना हे लगेच कळेल. चाकाच्या मधला तुंबा, त्यात आख, आणि आखाला वंगण. त्या वंगणात धूळ गेली की चाक कुरकुरायचं. मोटारीच्या चाकालाही मधोमध तसाच तुंबा असतो, त्याला हब म्हणायचं. आत बेअरिंग, बेअरिंगला ग्रीस. सुरुवातीच्या गाड्यांत ग्रीस आत आणि धूळ बाहेर राहावी म्हणून मधल्या तोंडावर वाटीएवढं झाकण बसवत. ती हबकॅप. पुढं तिला चकाकी आली. अँबॅसिडरच्या चाकावरची ती चकचकीत वाटी आठवते ना? २०१४ मध्ये ती गाडी बनायची बंद झाली, पण लग्नाच्या वरातीआधी त्या वाट्या चिंचेनं घासणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत.

व्हील कव्हर म्हणजे अख्ख्या चाकाचं झाकण. आतलं काळं लोखंडी चाक दिसू नये आणि लांबून अलॉय व्हीलसारखं वाटावं, एवढाच त्याचा मुख्य उद्योग. बेअरिंगचं रक्षण आता आतलं सील करतं. म्हणून एखादी टोपी रस्त्यात पडली तर घाबरू नका, गाडी बिनधास्त चालते. अलॉय व्हीलला हे कव्हर लागत नाही, तिथं मध्ये फक्त छोटी टोपी असते. इलेक्ट्रिक गाड्यांना सपाट कव्हरं दिसतात, ती वारा कापायला. तो वेगळा विषय.

विकत घेताना टायरची बाजू वाचा. समजा १६५/८० आर १४ असं लिहिलंय. त्यातला शेवटचा चौदा म्हणजे रिमचा व्यास, चौदा इंच. टोपीही चौदाचीच हवी. "बसेल हो, दाबा जरा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. तेराची टोपी पहिल्याच गतिरोधकाला निघून घरंगळत उसात गेली. आणखी एक बघा: कव्हरला मोकळ्या फटी हव्यात. ब्रेक तापतो, त्याला हवा लागते.

ही कव्हरं दोन तऱ्हांनी बसतात. बहुतेक मागच्या खुंट्यांवर दाबून. त्या खुंट्यांना ताण द्यायला तारेची एक कडी असते आणि त्या कडीला एका जागी बाक दिलेला असतो. तो बाक टायरच्या व्हॉल्व्हवर आणायचा, मग तळहातानं कडेकडेनं ठोकत जायचं. बाक चुकवलात तर हवा भरायला नळी घुसणार नाही. दुसरी तऱ्हा नटांनीच धरलेली. ती पेचकसानं उचकटायला गेलात तर तुटेल. आधी नट काढावे लागतात. आजकाल पंक्चरवाले काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी टोपी बांधून देतात. वाईट नाही, पण मग गाडीत पट्टी कापायला काहीतरी ठेवा.

आमच्या पाहुण्यांची फजिती सांगतो. पाथरीच्या अलीकडं रात्री गाडी पंक्चर. जावईबापूंनी जोशात पाना लावला, हिसका दिला आणि अख्खा नट तुकडा होऊन हातात! नट कसला, कव्हरवर छापलेला प्लास्टिकचा नट तो. खरे त्याच्या मागं होते.

माझी तक्रार आहे ती इथंच. हे झाकण खरे नट झाकतं. ट्रक ड्रायव्हर चहाला थांबला की चाकाला एक फेरी मारतो. नटाच्या भोवती गंजाची ताजी रेघ दिसली की नट ढिला पडल्याचा संशय घेतो. कारवाल्याला ती रेघ दिसतच नाही. म्हणून चाक बदललं की नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, टोपी लगेच बसवू नका. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवा, थंड झाल्यावर पुन्हा पाना लावून बघा, मग टोपी. आणि शेतातून आलात की चारही टोप्या काढून पाण्याचा फवारा आतून मारा.

माझ्या गाडीला सध्या तीनच टोप्या आहेत. चौथी जिंतूर रस्त्यावर कुठंतरी पडली. चौदा इंची, चंदेरी, सात पाकळ्यांची. कुणाला सापडली तर जवळच्या पंक्चरच्या दुकानात तारेला अडकवून ठेवा. तिथं तशा दहा-बारा लटकत असतातच, मी येता-जाता बघत असतो. नमस्कार.