झेंडा परदेशी, मग आपलं नौदल का जातं?

नमस्कार मंडळी. समुद्री चाच्यांनी धरलेली जहाजं आपलं नौदल सोडवतं, या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: 'जहाज परदेशी, मालक परदेशी, आपल्या नौदलाने कशाला जायचं?'

आपला परदेशी व्यापार वजनाने साधारण 95 टक्के समुद्रातून होतो, हे तुम्हाला माहीत आहे. पुढे जाऊ.

अडतं ते झेंड्यापाशी. झेंडा म्हणजे जहाजाची नोंदणी, एवढंच. जानेवारी 2024 मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक'वर चाचे चढले. झेंडा लायबेरियाचा, पण 21 खलाशांपैकी 15 भारतीय. आपली युद्धनौका आयएनएस चेन्नई पोचली, नौदलाचे मार्कोस कमांडो चढले. चाचे निघून गेले होते आणि सगळे खलाशी सिटाडेलमध्ये, म्हणजे जहाजातल्या लपायच्या सुरक्षित खोलीत, सुखरूप होते.

माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. ही सिटाडेल कशी असते ते त्यानेच सांगितलं: आतून बंद होणारं पोलादी दार, पाण्याचे कॅन, बिस्किटांचे पुडे, सॅटेलाइट फोन. एडनच्या आखाताआधी हे लोक कठड्याला काटेरी तार गुंडाळतात. ते तीन-चार दिवस मावशी फोन हातातून खाली ठेवत नाही. झेंडा कुठला, हे तिने कधीच विचारलं नाही.

आता माल बघा. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती बहुतेक परदेशी झेंड्याच्याच जहाजांतून. आणि विमा? धोका वाढला की विम्याचा हप्ता वाढतो, मग भाडं. ते भाडं न्हावाशेवा बंदरातून माल पाठवणारा-मागवणारा भरतो, झेंड्याचा देश नाही.

'मग रुएन जहाजावर तर एकही भारतीय नव्हता!' अगदी बरोबर. माल्टाचा झेंडा, 17 खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे. पण डिसेंबर 2023 मध्ये पळवलेलं हे जहाज चाचे पुढच्या शिकारीसाठी तळासारखं वापरत होते, तेही आपल्या जहाजांच्या वाटेवर. म्हणून मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने त्याला अडवलं. सी-17 विमानातून मार्कोस पॅराशूटने उतरले. सुमारे 40 तासांची कारवाई, 35 चाचे शरण, 17 खलाशी जिवंत.

'तिथेच बुडवायचं होतं,' असं लिहिणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आत ओलीस माणसं होती हो! त्या 35 जणांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. चाचेगिरीविरुद्ध आपला स्वतंत्र कायदा 2022 मध्ये झाला, म्हणून खटल्याची वाट सरळ होती. मला या सगळ्यात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

एक मात्र मान्य करायला हवं. तांबड्या समुद्रातले येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवरचे हल्ले यामुळे थांबले नाहीत. त्या हंगामात बरीच द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून, साधारण दोन आठवडे उशिराने गेली. माझ्या ओळखीचे एक बागायतदार रोज कंटेनरचं तापमान विचारत होते.

मावसभाऊ जूनमध्ये पुन्हा निघतोय. त्याला काही विचारायचं असेल तर खाली लिहा, निघण्याआधी त्याला इथे बसवतो.