एक्सलचा नट हलेना, मागचा ब्रेक लागेना? रॉड आवळणं आधी थांबवा

नमस्कार मंडळी!

मागचा ब्रेक लागत नाही म्हटल्यावर आपण काय करतो? गाडी बाजूला घेतो, ब्रेक रॉडचा नट दोन फेरे आवळतो आणि निघतो. महिन्याभरानं परत दोन फेरे. आटे संपले की कुणीतरी आर्म, म्हणजे रॉड ओढतो ती चाकाजवळची पट्टी, काढून एक दात फिरवून बसवून देतो. ब्रेक लागतो की मग, झकास! पण आत ड्रमला घासून चाक थांबवणारे शू झिजलेत का त्यांना उघडणारा कॅम अडकलाय, हे कुणी बघतच नाही. आज चाक काढून तेच बघायचंय.

(कॅमेरा मागच्या चाकाजवळ)

गाडी साधी, शंभर सीसीची. हा एक्सलचा नट बघा. तांबूस झालाय, आट्यांत चिखल सुकून बसलाय. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी कुठंय? मग गाडी धुवायची बोअरच्या जड पाण्यानं. ते वाळलं की पांढरा थर राहतो आणि खाली गंज धरतो.

असल्या नटाला लगेच पाना लावू नका. आधी तारेच्या ब्रशनं बाहेर आलेले आटे साफ करा. नट त्यांच्यावरूनच बाहेर यायचाय, घाण असेल तर अर्ध्यात परत धरतो. नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन असेल तर काढा. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत मारा. घाई असेल तर हे काम आज काढूच नका.

पाना बॉक्सचाच घ्या, सहा कोनी. उघड्या तोंडाचा पाना कोपरे खातो, आणि एकदा नट गोल झाला की कापायलाच लागतो. एक्सलच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पाना लावून धरा, नाहीतर अख्खा एक्सलच फिरत बसेल. गाडी मेन स्टँडवर नको, चाक जमिनीवर पाहिजे आणि वर कुणालातरी बसवा. पान्याला दोन-अडीच फुटी पाईप घाला आणि जोर खालच्या बाजूला येईल असा लावा. आणि ऐका, आधी किंचित आवळायच्या दिशेनं झटका द्या. गंज तिथं तुटतो. मग उलट.

(कर्रर्र आवाज)

आला की नाही! हा आवाज आला की जोर कमी करा, थोडं मागेपुढे करत काढा. शेजारचे अण्णा डोकावून विचारतील, "काय करूलालास बे? गॅस मार की!" गॅसच्या ज्योतीनं नट तापवू नका. बाजूला टायर, आत बेअरिंगचं ग्रीस आणि सील, वरून आपणच मारलेला स्प्रे. आत नायलॉनची कडी असलेला नट असेल तर ती वितळेलच. असा नट परत वापरायचाही नाही, नवीन टाकायचा. स्प्लिट पिनही नवीनच.

आता मेन स्टँड लावा. ब्रेक रॉड सोडवा, ब्रेक प्लेटला (शू बसवलेल्या झाकणाला) धरून ठेवणारा स्टॉपर आर्म सोडवा, एक्सल ओढा. स्प्लेंडरसारख्या गाडीत चेन काढायची गरज नाही, स्प्रॉकेट जागेवरच राहतं. बुश (एक्सलवरचा नळीसारखा तुकडा) कुठल्या बाजूचा, तेवढा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

(ब्रेक प्लेट हातात)

ही काळी पूड बघा. फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. शूवरच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे जुन्या लायनरमध्ये, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसात जातो. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवा आणि पुसून घ्या.

शू दोन्ही हातांनी मधून वर उचला, पुस्तक मिटल्यासारखे ते स्प्रिंगसकट निघतात. आता हा कॅम हातानं फिरवून बघा. माझ्याच्यानं हलत नाहीये. म्हणजे रोग इथं होता! लायनर अजून बऱ्यापैकी शिल्लक आहे, पण ग्रीस वाळून कॅम धरलाय. पाय दाबला तरी शू नीट उघडत नव्हते. रॉड कितीही आवळा, काय उपयोग?

आर्मवरची आणि कॅमवरची खूण जुळवून ठेवा, आर्म काढा, कॅम आतल्या बाजूनं बाहेर घ्या. पॉलिश पेपरनं चकचकीत करा आणि उष्णतेला टिकणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. कॅमला आणि समोरच्या पिनला, बस. लायनरला ग्रीस लागलं तर तो शू गेला. लायनर चमकत असेल तर पॉलिश पेपरचे दोन हात मारा. ड्रमही बघून घ्या. किती व्यासापर्यंत चालेल तो आकडा आतच कोरलेला असतो.

बसवताना खूण होती तिथंच जुळवा. तो "एक दात फिरवून" प्रकार मला अजिबात पटत नाही. ब्रेक दाबल्यावर आर्मजवळचा बाण प्लेटवरच्या खुणेपर्यंत गेला, की शू संपले असं गाडी सांगत असते. दात फिरवला की तो बाण खोटं बोलायला लागतो. शू फारच झिजले तर कॅम जास्त फिरून अडकू शकतो, आणि चालत्या गाडीचं चाक जाम होऊ शकतं.

स्टॉपर आर्म विसरलात तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरेल, म्हणून त्याचा नट-पिन दोनदा बघा. चेनचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणांवर सारखा ठेवा. एक्सल शेवटचा आवळताना कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा, शू ड्रमच्या मधोमध बसतात. किती आवळायचा तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

पेडलची मोकळी चाल दोन ते तीन सेंटिमीटर. 125 सीसीपर्यंतच्या एप्रिल 2019 नंतरच्या बहुतेक गाड्यांत मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही लागतो, तेव्हा तिथलीही चाल बघा.

मग सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून बघा. दुपारी नको, उन्हाळ्यात आपल्याकडे उभी गाडीसुद्धा चटका देते. दोन किलोमीटर ब्रेक न दाबता जाऊन या आणि हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, जपून बोट लावा. तापला असेल तर शू घासतायत, रॉडचा नट अर्धा फेरा सैल करा.